महिला बचत गटाने कसाव्याची लागवड कशी करावी

साबुदाणा ज्या कंदापासून तयार होतो, तो कसावा कोल्हापूर जिल्ह्यात घ्यायचा असेल, तर आजरा, भुदरगड, राधानगरी या भागांतील तांबड्या, निचऱ्याच्या माळजमिनीचा विचार आधी करावा, कारण पाणी साचणाऱ्या रानात कंद कुजतात. मात्र बेणे आणण्यापूर्वी गटाने दोन गोष्टी ठरवून लिहून ठेवाव्यात: जमीन कोणाच्या नावावर आहे आणि विक्रीचे पैसे कोणत्या खात्यात जमा होणार. लागणीपासून भांगलणीपर्यंत राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसले, की पीककर्ज आणि नुकसानभरपाई तिच्या हाती सहजासहजी येत नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेत पतीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. त्यासाठी तलाठ्याकडे जावे. खतापेक्षाही ही पायरी मला अधिक महत्त्वाची वाटते. पैसे गटाच्याच बँक खात्यात घ्यावेत आणि कोणी किती दिवस काम केले, याची नोंद बैठकीच्या वहीत ठेवावी.

पहिल्या वर्षी चार-पाच गुंठेच पुरेत. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने विकसित केलेल्या श्री जया आणि श्री विजया या जाती सहा-सात महिन्यांत तयार होतात. बेणे रोगमुक्त झाडाचेच घ्यावे, कारण पानांवर पिवळे चट्टे पाडणारा मोझॅक रोग बेण्यातूनही पसरतो. पक्व खोडाचा कोवळा शेंडा व बुडखा वगळून १५ ते २० सेंमी लांबीचे तुकडे करावेत आणि पाऊस सुरू होताच वरंब्यावर ९० सेंमी अंतराने, डोळे वर ठेवून, सुमारे ५ सेंमी खोल उभे लावावेत. या अंतराने गुंठ्यात साधारण १२५ झाडे बसतात. फुटव्यांपैकी समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे काढावेत, आणि पहिले दोन-तीन महिने भांगलण चुकवू नये. जंगलालगतच्या गावांत रानडुकरे कंद उकरतात. तेथे कुंपणाची सोय नसेल, तर हे पीक घेऊच नये.

काढणीची घाई करू नये, कारण काढलेला कंद दोन-तीन दिवसांतच खराब होऊ लागतो, आणि साबुदाण्याचे कारखाने प्रामुख्याने तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात आहेत. म्हणून गिऱ्हाईक ठरल्यावर, लागेल तेवढेच खणावे. उरलेल्या कंदाचे साल काढून, पातळ काप करून ते कडक उन्हात वाळवावेत. कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे तो कच्चा कधीही खाऊ नये. साल काढून भरपूर पाण्यात शिजवावा आणि ते पाणी फेकून द्यावे. ताजा पालाही म्हशींपुढे टाकू नये. काढणीनंतर निरोगी खोडे पुढच्या लागणीसाठी सावलीत, हवेशीर जागी उभी करून ठेवावीत आणि शेजारच्या गटाला बेणे देताना त्याचाही हिशेब वहीत लिहावा.