परत येणारा डबा परतच येत नाही? या चुका टाळा

ऊर्जेचं रूपांतरण दाखवायला परत येणाऱ्या डब्यासारखं खेळणं नाही. तळाच्या आणि झाकणाच्या भोकांतून डब्यात एक रबरबँड ताणून बसवतात आणि त्याच्या मधोमध वजन म्हणून नट बांधतात. डबा ढकलला की या रबरबँडला पीळ बसतो, म्हणजे गतिज ऊर्जा स्थितिज होते. पीळ सुटताना डबा उलटा फिरतो. तरी विज्ञान प्रदर्शनांत नुसते घरंगळत जाणारे डबेच जास्त दिसतात.

नव्वद टक्के घोळ वजनाचा. रबराच्या मधोमध बांधलेला नट डबा फिरतानाही खालीच लोंबकळत राहिला पाहिजे. तो डब्याबरोबर फिरला की पीळ बसतच नाही. एका तालुका प्रदर्शनात सातवीच्या मुलांचा डबा सरळ भिंतीवर जाऊन आदळत होता. त्यांचे सर म्हणाले, वजन कमी पडतंय, अजून दोन नट बांधा. बांधले, तर आतून खडखडाट सुरू झाला. परीक्षक शेजारच्या टेबलापर्यंत आले आणि मुलं रडकुंडीला आली. मी झाकणाच्या फटीतून आत बघितलं: रबर सैल, नट पत्र्याला टेकलेले आणि त्याच्याबरोबर ओढले जाणारे. रबर आखूड करून ताणून बसवला, तिन्ही नट एका गठ्ठ्यात आवळले आणि डबा मुकाट परत आला. म्हणून माझा आग्रह असतो की पहिला डबा पारदर्शक बरणीचाच करा. हातात आडवी धरून सावकाश चार वेढे फिरवा, पीळ डोळ्यांनी बघा, मगच जमिनीवर सोडा. एवढाही धीर नसलेल्यांना खेळणं बनवण्याची नाही, दाखवण्याची घाई असते.

रबराचं टोक नुसत्या चिकटपट्टीने चिकटवू नका. बाहेरून काडी अडकवा. भोकं बरोबर मध्यावर पाडा. वाळलेला, चिरा पडलेला रबर वापरू नका. उतार असलेल्या फरशीवर प्रयोग करू नका.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते डबा थांबल्यावर प्रयोग दाखवणाऱ्यांचं शेवटचं वाक्य: “बघा मुलांनो, ऊर्जा संपली.” ऊर्जा संपत नाही! पोरांच्या हातातून, म्हणजे सकाळच्या भाकरीतून आलेली ती ऊर्जा घर्षणातून उष्णतेत आणि थोडी आवाजात गेली. नीट बनलेला डबा परत येऊन सुरुवातीच्या जागेच्याही पुढे जातो आणि पुन्हा वळतो. तो जिथे जिथे वळेल तिथे खडूने खूण करायला लावा. खुणा जवळजवळ येऊ लागल्या की कारण मुलांनाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत फळ्याकडे वळू नका.