हॅलिफॅक्सच्या धक्क्याला बोट लागली की बागा पायी कशा बघाव्यात

न्यू जर्सीकडच्या मराठी घरांत आई-बाबा भारतातून आले की सप्टेंबर-ऑक्टोबरात कॅनडाच्या किनाऱ्याची क्रूझ जवळजवळ ठरलेलीच. आधी माझे आई-बाबा, मग सासू-सासरे, मग मावशी असं करत मी हॅलिफॅक्सला चारदा उतरले. दर वेळी जेवणाच्या टेबलावर कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "गावात बघण्यासारखं काही नाही, बसची टूर घ्या." गुडघे दुखत असतील तर खुशाल घ्या. नाहीतर बूट घाला.

भारतीय पासपोर्ट असेल आणि अमेरिकेचं ग्रीन कार्ड नसेल तर कॅनडाचा व्हिसा लागतोच, काही तासांसाठी उतरायचं असलं तरी. जहाजावरची केळी-सफरचंदं पिशवीत टाकून उतरू नका. छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट घ्या, बंदरावरचा वारा छत्री उलटी करतो.

बाग एकच ठरवा. पब्लिक गार्डन्स किंवा पॉइंट प्लेझंट. दोन्ही, वर किल्ला आणि शिवाय लॉबस्टर अशी यादी घेऊन निघणारे लोक मी परतीच्या रांगेत पाहिले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर बाग बघितल्याची खूण नसते.

आता घड्याळ. इथे मी स्वतः आपटले आहे, म्हणून नीट वाचा.

हॅलिफॅक्सचं घड्याळ न्यूयॉर्कच्या एक तास पुढे असतं. काही बोटी आदल्या रात्री आपली घड्याळं तासभर पुढे करतात, काही करत नाहीत. परत चढायची वेळ मात्र नेहमी बोटीच्या घड्याळाप्रमाणे असते. "फोन बघा, तो आपोआप बदलतो" हा सल्ला मला सगळ्यात जास्त चीड आणतो. रोमिंगच्या भीतीने फोन एअरप्लेन मोडवर असेल तर तो काहीही बदलत नाही. आणि बदलला, तर तो गावाची वेळ दाखवतो, बोटीची नाही.

पहिल्या फेरीत आमच्या बोटीने घड्याळ पुढे केलं होतं. तशी चिठ्ठी केबिनमध्ये आली होती आणि तिच्यावर मी चहाचा कप ठेवला होता. फोन बंद, भरवसा बाबांच्या एचएमटीवर. बागेत बँडस्टँडसमोरच्या बाकावर बसून आई डेलियाची फुलं बघत होती आणि मी ऐटीत सांगत होते, अजून खूप वेळ आहे, इथून पॉइंट प्लेझंटलाही जाऊन येऊ. तेवढ्यात धडाम्! आई बाकावरून अर्धी उठलीच. शेजारची बाई हसून म्हणाली, घाबरू नका, वरच्या सिटाडेल किल्ल्यावरून दुपारी बाराला तोफ उडते, रोजची आहे. बाबांच्या घड्याळात अकरा वाजले होते. बोटीवर दीडच्या आत चढायचं होतं. ती तोफ ऐकली नसती तर आम्ही त्या वेळी भलत्याच दिशेला चालत असतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. गँगवेवरून उतरताना तिथल्या माणसाला विचारायचं, "आत्ता बोटीवर किती वाजले?" मनगटी घड्याळ तिथेच, त्याच्यासमोर लावायचं. परत चढायच्या वेळेच्या फलकाचा फोटो काढायचा. त्यानंतर वेळेसाठी फोनकडे बघायचं नाही. मग उलटा हिशोब: साडेचारला चढायचं असेल तर पावणेचारला टर्मिनलवर हवं, कारण तपासणीची रांग असते. पब्लिक गार्डन्सहून चालत पंचवीस मिनिटं, म्हणजे तीन-वीसला उठायचं. सोबत सत्तरीची माणसं असतील तर तीन-पाचला. "अजून एक फोटो" यासाठी या हिशोबात जागा नाही.

रस्ता सोपा आहे. टर्मिनलमधून बाहेर पडलात की रेल्वे स्टेशनजवळ पीस अँड फ्रेंडशिप पार्क लागतं. आधी त्याला हॅलिफॅक्स वसवणाऱ्या एडवर्ड कॉर्नवॉलिसचं (भारतातला लॉर्ड कॉर्नवॉलिस नव्हे) नाव होतं. त्याने इथल्या मूळनिवासी मिगमाक लोकांच्या शिरांवर इनाम लावलं होतं. २०१८ मध्ये त्याचा पुतळा हलवला, २०२१ मध्ये नाव बदललं. तिथून साउथ स्ट्रीटचा चढ, मग उजवीकडे साउथ पार्क स्ट्रीट. व्हिक्टोरिया पार्कच्या कडेने चालत गेलं की समोर बागेचं लोखंडी महाद्वार. तिकीट नाही.

१८६७ मध्ये उघडलेली ही बाग साधारण सोळा एकरांची, म्हणजे तासाभरात सावकाश होते. बँडस्टँड १८८७ चा, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाचा. बाबा व्हीजेटीआयचे. त्यांच्या कॉलेजच्या नावातला 'जे' मूळचा त्याच ज्युबिलीचा, जिजाबाई नंतर आल्या. हे त्यांनी बाकाशेजारच्या त्या बाईलाही सांगितलं.

गर्दी नको आणि पाय भक्कम असतील तर पॉइंट प्लेझंट. इथे एकच चूक सगळे करतात: बाग समुद्राकाठी आहे म्हणून काठाने निघतात. मध्ये कंटेनरचं बंदर आहे, वाट बंद. आतून यंग अव्हेन्यूने जा, अर्धा तास धरा. ही जागा शहराने ब्रिटिश सरकारकडून १८६६ मध्ये ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली, भाडं वर्षाला एक शिलिंग. आत १७९६ मध्ये बांधायला घेतलेला गोल दगडी बुरूज आहे. झाडं कोवळी वाटली तर आश्चर्य नको, २००३ च्या हुआन वादळात बहुतेक मोठी झाडं पडली.

पब्लिक गार्डन्सहून परतताना आल्या रस्त्याने येऊ नका. स्प्रिंग गार्डन रोडने सरळ उतरा, खाली बंदरावर लाकडी फळ्यांचा बोर्डवॉक मिळतो. पाणी डाव्या हाताला ठेवून चाललं की बोट दिसतेच. ती दिसली म्हणून तिथे आइस्क्रीमच्या रांगेत उभे राहू नका, पुढे तपासणीची रांग आहे.