गेम बनवायला शिकताना: आधी काय उतरवून ठेवावं, नंतर काय मोजावं

गेम बनवायला शिकायचं म्हटलं की नवखा माणूस आधी ग्राफिक्स कार्डाची चौकशी करतो आणि मग सगळ्यात वेगवान इंटरनेट प्लॅनची. सुरुवातीच्या काही महिन्यांत दोन्हींची फारशी गरज पडत नाही. टूडी गेम जुन्या लॅपटॉपवर आरामात चालतो. खरी गरज असते ती नेट गेलं तरी काम थांबणार नाही अशा मांडणीची.

सुरुवातीला गोडो हे गेम इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ते मुक्त स्रोत आहे, एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली मिळतं आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही. झिप सोडवली की चालू. एडिटरचं डाउनलोड लहान आहे. जड असतात ते एक्सपोर्ट टेम्प्लेट (तयार गेम बांधायच्या फाइली), साधारण एक जीबीच्या घरात. पण ते लागतात गेम दुसऱ्याला द्यायच्या वेळी, त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांच्यामागे लागू नका. नवीन प्रोजेक्ट उघडताना रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, कोणता ते विचारतात, तिथे जुन्या मशीनवर 'कम्पॅटिबिलिटी' निवडा. तो ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स यंत्रणेवर चालतो. बाकीच्या दोन रेंडररना वल्कनसारखी नवी ग्राफिक्स यंत्रणा लागते.

माहितीची कागदपत्रं (डॉक्युमेंटेशन) आधीच उतरवून ठेवा. गोडोच्या एडिटरमध्ये एफ१ दाबलं की प्रत्येक क्लासची माहिती नेटशिवाय उघडते. इतर प्रोग्रामिंग भाषांसाठी झील किंवा डेव्हडॉक्स या माहिती-संग्रहांची ऑफलाइन प्रत पुरते. मोठी फाइल ब्राउझरने उतरवण्यापेक्षा डब्ल्यूगेट या कमांडला 'सी' हा पर्याय देऊन उतरवावी. लाइन तुटली तरी राहिलेल्या जागेपासून पुढे सुरू होते, फक्त समोरच्या सर्व्हरला ते जमत असलं पाहिजे. गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) वापरून पूर्ण प्रोजेक्ट उतरवणं, म्हणजे क्लोन, मात्र मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून कच्च्या लाइनवर आधी 'डेप्थ १' देऊन फक्त ताजी आवृत्ती आणा, इतिहास नंतर थोडा थोडा ओढा.

आता कोडकडे. इथे जवळजवळ प्रत्येकजण एकाच ठिकाणी अडकतो: डेल्टा. डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, सेकंदात. पात्राची जागा तुम्ही दर फ्रेमला ५ पिक्सेलने सरकवलीत, तर सेकंदाला ६० फ्रेमच्या स्क्रीनवर ते सेकंदाला ३०० पिक्सेल धावतं आणि १४४ फ्रेमच्या स्क्रीनवर ७२०. म्हणून जागा हाताने बदलताना वेगाला डेल्टाने गुणायचं. हा धडा शिकलेला माणूस मग पात्र हलवणारं गोडोचं 'मूव्ह अँड स्लाइड' हे फंक्शन वापरतानाही वेगाला डेल्टाने गुणतो आणि पात्र गोगलगायीसारखं सरकतं. कारण ते फंक्शन डेल्टा स्वतःच लावतं; ३०० चा वेग ६० ने भागला जाऊन सेकंदाला ५ पिक्सेल उरतो. गुरुत्वाकर्षण मात्र त्वरण आहे, ते वेगात मिळवताना डेल्टा हवाच. गोडोच्या तयार स्क्रिप्ट-साच्यात उडीचा वेग उणे ४०० असतो (वायची दिशा खाली धन आहे, म्हणून उणे) आणि गुरुत्वाकर्षण ९८०. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्वाकर्षण केलं की उडी साधारण ८२ पिक्सेल येते. प्लॅटफॉर्म ९६ पिक्सेल उंच ठेवून 'उडी पोचत नाही' म्हणत बसण्यापेक्षा हे गणित आधी करावं.

गिट पहिल्या दिवसापासून वापरा. डॉट-गोडो हे लपलेलं फोल्डर गिटइग्नोरमध्ये (गिटने काय वगळायचं त्याची यादी) टाका, ते एडिटर पुन्हा तयार करतो. चित्रं आणि आवाज सतत बदलून कमिट करू (गिटमध्ये नोंदवू) नका. अशा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या फारशा आकसत नाहीत आणि रेपो (गिटचा साठा) फुगत जाते. गिटहब ही कोड ठेवायची साइट १०० एमबीपेक्षा मोठी फाइल साध्या पुशने (चढवताना) घेतच नाही.

ऑनलाइन गेमसाठी एमबीपीएसचा आकडा जवळजवळ निरुपयोगी. पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) किती आणि तो किती डळमळतो, ते बघा. एका खिडकीत पिंग चालू ठेवून दुसरीकडे मोठं डाउनलोड सुरू करा. २० मिलिसेकंदाचा पिंग ३०० वर गेला, तर बहुतेक वेळा पॅकेट रांगेत तुंबत असतात. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) असेल तर ते चालू करून मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. वायफायवर शेजारच्यांची गर्दी असेल तर सरळ केबल लावा.

स्वतःचा मल्टिप्लेअर गेम तपासताना एकाच मशीनवर दोन खिडक्या उघडतात आणि सगळं सुरळीत दिसतं, कारण तिथे उशीर जवळपास शून्य असतो. लिनक्सवर टीसी कमांडच्या नेटेम या सोयीने लूपबॅकला (मशीनचं स्वतःशीच चालणारं नेटवर्क) ५० मिलिसेकंद उशीर लावा. जाताना आणि येताना दोन्हीकडे तो लागतो, म्हणून पिंग १०० दिसला पाहिजे. दार उघडायला लागणारा वेळ, गोळी लागल्याची खूण, मागे खेचलं जाणारं पात्र, सगळ्या चुका तेव्हाच बाहेर येतात. काम झालं की तो नियम काढून टाका, नाहीतर मशीनवरचा प्रत्येक लोकल सर्व्हर रेंगाळतो आणि दोष भलत्याच कोडमध्ये शोधला जातो.