रुगोसाला औषध मानवलं नाही

टोरोंटोत पहिल्या दोन हिवाळ्यांत माझे कलमी गुलाब गेले. मग रुगोसा आणला: जपान-कोरियाच्या समुद्रकाठचा रानगुलाब, उणे ३० अंशांतही तगणारा. पानं सुरकुतलेली, आणि काटे इतके दाट की फांदीला बोट टेकवायला जागा नाही.

जूनमध्ये शेजारच्या गुलाबांवर काळे ठिपके दिसले, म्हणून सगळ्यांवरच गंधकाचं बुरशीनाशक मारलं. बाकीचे ठीक, रुगोसाची पानं मात्र कडेने करपून गळायला लागली. मला वाटलं रोग वाढला, पुन्हा फवारलं! तिथेच चुकलं. याला फवारणी सोसत नाही, आणि काळे ठिपके तो मुळात सहसा धरत नाही.

झुडूप साध्या पाण्याने धुतलं, औषध बंद केलं, बुंध्याशी दोन इंच कंपोस्ट पसरलं. बस्स. तीनेक आठवड्यांत नवी पालवी फुटली.

पुण्यातल्या सवयीने सुकलेली फुलं खुडत होतो, तेही सोडलं. सप्टेंबरात चेरी टोमॅटोसारखी लालभडक फळं लगडली. चटणी केली, आंबटगोड, छान. फक्त आतल्या बिया आणि लव नीट खरवडून काढा, घसा खाजतो. पहिल्या घाण्यात मी काढली नव्हती.