पॉइंट क्लाउडवरून इमारतीचं मॉडेल: भिंत नेमकी कुठे बसवायची

पॉइंट क्लाउडमध्ये, म्हणजे लेझर स्कॅनरने टिपलेल्या बिंदूंच्या समूहात, भिंत नसते. एका खोलीतून दिसलेली भिंतीची एक बाजू असते, शेजारच्या खोलीतून दिसलेली दुसरी बाजू असते आणि मधे पोकळी. त्या पोकळीला भिंत म्हणायचं, ती किती जाडीची आणि किती सरळ धरायची, हे सगळं मॉडेल करणाऱ्याला ठरवावं लागतं. "बिंदूंवरून गिरवत जा, मॉडेल आपोआप तयार होतं" असा सल्ला सर्रास मिळतो. त्या वाटेने गेलं की पहिले दोन मजले छान दिसतात आणि तिसऱ्यावर जिना भिंतीत घुसतो.

स्कॅनर चालवता येतो आणि रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) भिंत काढता येते, एवढं इथे गृहीत धरलं आहे. सॉफ्टवेअर दुसरं असेल तरी क्रम हाच.

आधी आकडे ठरवा

"अगदी अचूक मॉडेल द्या" या मागणीवर काम सुरू करू नका. तपशील किती आणि अचूकता किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तपशिलासाठी एलओडी (तपशिलाची पातळी) आहे, अचूकतेसाठी यूएसआयबीडी या अमेरिकी संस्थेची एलओए (अचूकतेची पातळी) पट्टी आहे: एलओए २० म्हणजे १५ ते ५० मिमी, एलओए ३० म्हणजे ५ ते १५ मिमी, एलओए ४० म्हणजे १ ते ५ मिमी. त्यातही मोजणीची अचूकता वेगळी लिहायची आणि मॉडेलची वेगळी. मोजणी ४० ची आणि मॉडेल २० किंवा ३० चं, यात गैर काहीच नाही. उलट बहुतेक कामांना तेच परवडतं. पुढची सगळी गणितं १५ मिमी फरक चालेल असं धरून केली आहेत.

स्कॅन आणि जुळणी

प्रत्येक दारात एक सेटअप (स्कॅनर उभा करून घेतलेला एक स्कॅन), जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक. शेजारच्या दोन सेटअपमध्ये निदान एक तृतीयांश भाग सामाईक असू द्या आणि लांब कॉरिडॉर असेल तर फेरी मारून सुरुवातीच्या जागी परत या.

रजिस्ट्रेशनच्या, म्हणजे सगळे स्कॅन एकमेकांशी जुळवण्याच्या, अहवालात "सरासरी चूक ३ मिमी" असं छापून आलं म्हणून खूश होऊ नका. चांगल्या जुळलेल्या चाळीस जोड्या एका वाईट जोडीला सहज झाकतात. खरी तपासणी डोळ्यांनी होते: प्रत्येक सेटअपला वेगळा रंग द्या, प्लॅनमध्ये ५० मिमीचा पातळ काप घ्या आणि दारांजवळ बघा. भिंतीची एकच बाजू दोन रंगांच्या दोन समांतर रेघांत दिसली, तर जुळणी तिथे सुटली आहे. ती आत्ताच दुरुस्त करा. आरसे आणि काचेतून उमटलेल्या खोट्या खोल्याही याच वेळी पुसून टाका.

फाइल ई५७ या स्कॅनच्या फाइल-प्रकारात घ्या, पण सेटअप वेगवेगळे ठेवलेली. सगळे बिंदू एकाच गठ्ठ्यात ओतलेल्या फाइलीत प्रत्येक सेटअपचं चहूबाजूंचं चित्र (पॅनोरामा) हरवतं, आणि ती रेघ कपाटाची की भिंतीची हे ठरवताना तेच चित्र कामी येतं.

क्लाउड जागेवर आणणं

सर्वेक्षणाचे मोठे निर्देशांक घेऊन आलेला क्लाउड रेव्हिटमध्ये जसाच्या तसा आणू नका. आतल्या मूळबिंदूपासून १० मैलांपलीकडे, म्हणजे साधारण १६ किलोमीटरच्या पुढे, भूमिती भरवशाची राहत नाही. क्लाउड आधी मूळबिंदूजवळ सरकवा, किती सरकवला ते प्रकल्पाच्या फाइलीतच लिहून ठेवा, आणि 'सेंटर टू सेंटर' न वापरता मूळबिंदूवर मूळबिंदू ठेवून जोडा. मग लगेच पिन लावा, म्हणजे तो चुकून हलणार नाही. मजल्यांप्रमाणे तुकडे केले असतील तर सगळ्यांचा मूळबिंदू एकच हवा.

लेव्हल

जुनी फरशी सपाट नसते. एकाच खोलीत २०–३० मिमी चढउतार निघू शकतो. लेव्हल, म्हणजे मजल्याची उंची, एखाद्या बिंदूवरून घेऊ नका, जिन्याच्या चौकाजवळचा मीटरभराचा तुकडा घ्या, सगळ्या मजल्यांवर त्याच जागेचा. आणि ही लेव्हल तयार फरशीची आहे, स्लॅबची नाही, हे तिच्या नावातच लिहा. स्कॅनरला फरशीखालचं काही दिसलेलं नाही.

भिंती

दारं, खिडक्या, खोल्यांची क्षेत्रफळं, सगळं भिंतींवर लटकलेलं असतं. म्हणून कामाचा बराचसा वेळ इथेच गेला पाहिजे.

पहिला प्रश्न काप कुठे घ्यायचा. नेहमीचा सल्ला १२०० मिमी उंचीचा, आणि दारं-खिडक्यांसाठी तो ठीक आहे: कट प्लेन १२००, बॉटम आणि व्ह्यू डेप्थ दोन्ही ११५०, की ५० मिमीचा स्वच्छ काप मिळतो. पण भिंतीची रेघ या उंचीवर ठरवू नका. तिथे कपाटांच्या पाठी असतात, लिहायचे फळे असतात, पडदे असतात. कापडी पडदा नागमोडी दिसतो म्हणून ओळखू तरी येतो. खाली ओढलेला रोलर पडदा प्लॅनमध्ये अगदी भिंतीसारखी सरळ रेघ देतो. भिंतीसाठी दुसरा काप कपाटांच्या वर आणि तुळयांच्या खाली घ्या, बहुतेक ठिकाणी २१०० ते २३०० मिमीच्या दरम्यान. जमिनीलगतचा काप टाळा, तिथे स्कर्टिंग मोजलं जातं.

दुसरं, पॉइंट क्लाउडला होणारा स्नॅप बंद करा. जवळ जाऊन पाहिलं तर भिंतीची बाजू रेघ नसते, काही मिलिमीटर रुंदीचा बिंदूंचा पट्टा असतो. स्नॅप त्यातला हाताला लागेल तो बिंदू पकडतो. रेघ पट्ट्याच्या मधून, जिथे बिंदू सर्वांत दाट आहेत तिथून गेली पाहिजे, आणि ती निदान दोन मीटर लांबीवर जुळवून बघितली पाहिजे. कोपऱ्यावरून आणि कडेवरून कधीच नाही. लेझरचा ठिपका अर्धा कडेवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडला की हवेत लोंबकळणारे बिंदू तयार होतात, आणि नेमके तेच कोपऱ्यावर गर्दी करतात.

आता जाडी. सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

भिंतीच्या दोन बाजू दोन वेगळ्या सेटअपमधून आलेल्या असतात आणि त्या दोन खोल्या एकमेकींशी फक्त दारातून जोडलेल्या असतात. त्यामुळे जुळणीतली चूक थेट जाडीत उतरते. एक खोली ६ मिमी सरकली तर भिंत ६ मिमी जाड किंवा बारीक होते. कॉरिडॉरलगतची एकच सलग भिंत चार खोल्यांत मोजा: १५१, १४६, १५८, १४९ असे आकडे येतील. नवखा माणूस त्यावर भिंतीचे चार प्रकार बनवतो. प्रत्यक्षात भिंत एकच आहे, खोल्या सरकलेल्या आहेत.

याला उपाय साधी टेप. स्कॅन करायला जाल तेव्हाच प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक तऱ्हेच्या भिंतीची जाडी दारा-खिडकीच्या उघड्या कडेला मोजून घ्या. चौकटीभोवतीची लाकडी पट्टी मोजमापात येऊ देऊ नका. त्या पट्टीची जाडी दोन्ही बाजूंनी भिंतीत मिसळते. टेप राहून गेली असेल, तर दारापासून मीटरभर दूर, तिरका उभा असलेला एकच सेटअप निवडा. त्याला भिंतीची जवळची बाजू दिसते आणि दाराच्या मोकळीतून भिंतीची जाडी पलीकडच्या कडेपर्यंत दिसते. सगळे बिंदू एकाच स्कॅनमधले, त्यामुळे जुळणीची चूक त्यात येतच नाही. बरोबर दारात उभा केलेला सेटअप मात्र इथे निरुपयोगी. तो दोन खोल्या जोडायला उत्तम, पण त्याच भिंतीची एकही बाजू त्याला दिसत नाही.

थोडक्यात, जाडी टेपवरून घ्यायची आणि जागा क्लाउडवरून. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा मध्य काढा आणि भिंत मध्यरेषेवर बसवा. लोकेशन लाइन 'वॉल सेंटरलाइन' ठेवा. प्रकार १० मिमीच्या पायरीने बनवा. मग जाडीतली जास्तीत जास्त चूक ५ मिमी, आणि मध्यरेषेमुळे ती प्रत्येक बाजूला अडीच-अडीच मिलिमीटरच पडते. बाजूवरून बसवली तर पूर्ण ५ मिमी पलीकडच्या खोलीच्या माथी जाते. एका मजल्यावर सहा-सात प्रकारांच्या वर यादी गेली, तर समजा की इमारतीऐवजी रजिस्ट्रेशनचं मॉडेल चाललं आहे.

भिंतीच्या आत विटा, इन्सुलेशन, गिलावा असे थर भरू नका. स्कॅनरने पृष्ठभाग बघितला आहे, पोट नाही. एकच थर ठेवा आणि साहित्य अनिश्चित लिहा. सुंदर थर दाखवणाऱ्या मॉडेलवर विसंबून कुणी तरी पुढे भिंत फोडणार असतो.

तिसरा प्रश्न काटकोनाचा. जुनी इमारत गुण्यात नसते. सगळं ९० अंशांत कोंबणं चूक, आणि प्रत्येक भिंत ८९.८७ अंशांवर सोडणंही चूक. त्यातून 'किंचित तिरकी रेघ' अशा इशाऱ्यांचा ढीग लागतो आणि मापं देताना जीव जातो. आधी सर्वांत लांब बाहेरची भिंत अक्ष म्हणून घ्या आणि तिच्याशी प्लॅन सरळ करा. मग प्रत्येक भिंतीचं गणित बघा: ०.२ अंशांचा फरक ६ मीटर लांबीवर २१ मिमी होतो. १५ मिमीच्या मर्यादेत हे बसत नाही असं वाटतं, पण भिंत टोकावरून न फिरवता मध्यबिंदूवरून फिरवून सरळ केली तर दोन्ही टोकांना साडेदहा मिलिमीटरच येतात, आणि काम बसतं. त्यातही बसली नाही तर खरा कोन ठेवा. मधेच पोट आलेली लांब भिंत दोन सरळ तुकड्यांत मोडा, कमान काढत बसू नका.

ओळंबा बघायला दोन काप पुरतात, जमिनीपासून ३०० मिमी वर आणि छतापासून ३०० मिमी खाली. दोन्हींतला फरक ३० मिमीच्या आत असेल तर मधल्या उंचीवरच्या जागी भिंत उभीच ठेवा. वर-खाली १५–१५ मिमी पडतात. जास्त असेल तर कललेली भिंत वापरा. रेव्हिट २०२१ पासून ती सोय आहे.

आणि एक सक्त नियम: कोणतीही भिंत आधीच्या भिंतीपासून माप देऊन बसवू नका. "ही खोली ३६०० ची दिसते, ऑफसेट करू" असं पाच वेळा केलं की सहाव्या खोलीत २५ मिमी कुठून आले ते कळत नाही. प्रत्येक भिंत स्वतंत्रपणे क्लाउडवर बसली पाहिजे.

आपोआप भिंती ओळखणारी साधनं? पाइपसाठी जरूर वापरा. अर्धाच गोलावा दिसत असला तरी त्यावर सिलिंडर चांगला बसतो. मग जवळचा प्रमाणित व्यास निवडायचा, आणि पाइपावर आवरण आहे का ते चित्रात बघायचं. भिंतींसाठी ती साधनं दिसेल त्या पृष्ठभागाला भिंत म्हणतात, कपाटासकट. वाचलेला वेळ दुरुस्तीत दुप्पट जातो.

बाकीचं

कॉलम आणि तुळया भिंतींसारख्याच. दारं-खिडक्या १२०० च्या कापावरून, उंची सेक्शनमधून. स्लॅबची जाडी जिन्याच्या किंवा डक्टच्या उघड्या कडेला मोजा. खालचं छत आणि वरची फरशी यांच्या वजाबाकीत जिन्यातल्या जुळणीची सगळी चूक येते. फॉल्स सीलिंगच्या वरचं स्कॅन केलं नसेल तर तिथे काही काढू नका.

तपासणी

फक्त भिंती निवडून एसटीएल किंवा ओबीजे फाइल करा आणि क्लाउडकंपेअर या तुलनेच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लाउडसोबत उघडा. क्लाउड बहुधा मीटरमध्ये असतो, मॉडेल मिलिमीटर किंवा फुटांत. आधी एकक जुळवा. 'ग्लोबल शिफ्ट' (मोठे निर्देशांक लहान करण्यासाठी सरकवण्याचं अंतर) विचारला गेला तर दोन्हींना तोच द्या. मग क्लाउड ते मेश (मॉडेलचा पृष्ठभाग) अंतर चिन्हासकट काढा आणि ५० मिमीच्या पलीकडचे बिंदू गाळा, म्हणजे फर्निचर बाजूला पडतं.

नुसते रंग बघून समाधान मानू नका, चिन्हं वाचा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना अंतर धन असेल तर खरे बिंदू मॉडेलच्या बाहेर आहेत, म्हणजे तुमची भिंत बारीक आहे. दोन्हीकडे ऋण असेल तर जाड. एकीकडे धन आणि दुसरीकडे ऋण असेल तर जाडी बरोबर आहे, भिंत सरकली आहे. एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण असा रंग हळूहळू बदलत गेला तर कोन चुकला आहे. टेपची जाडी पक्की असूनही दोन्ही बाजू धन येत असतील, तर भिंतीला हात लावू नका. त्या दोन खोल्यांमधली जुळणी उघडून बघा.

मॉडेल देताना सोबत एक पानभर यादी द्या: कोणत्या भिंती सरळ केल्या आणि किती मिलिमीटरने, कोणती जाडी टेपची आणि कोणती क्लाउडवरची, कोणते भाग स्कॅनरला दिसलेच नाहीत.