मांजराने ट्रेकडे पाठ फिरवली तेव्हा

आमची मांजर मनी तिचा शू-शीचा ट्रे सोडून पायपुसण्यावर शू करायला लागली. आधी डॉक्टरांकडून तपासून घेतलं, कारण मूत्रमार्गाच्या त्रासातही मांजरं असंच करतात. (बोका कुंथतोय आणि शू होतच नाहीये, असं दिसलं तर अजिबात थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.) मनी ठणठणीत निघाली, तेव्हा संशय नव्या सुगंधी लिटरवर (शू-शी शोषायला ट्रेमध्ये भरतात ते दाणे) गेला. तो सुगंध आपल्यासाठी असतो हो, मांजराच्या नाकाला उग्रच वाटतो.

मग दोन ट्रे शेजारी ठेवले. एकात लाकडाच्या गोळ्या, दुसऱ्यात बिनवासाचं बारीक बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची चिकणमाती. मनीने निकाल लगेच दिला! बेंटोनाइट वाळूसारखं, पंजांना टोचत नाही. ओलं झालं की गोळा बनतो, तेवढाच उचलून टाकायचा. थर 5 ते 7 सेंमी ठेवते, नाहीतर गोळा तळाला चिकटतो आणि खरवडत बसावं लागतं. धूळ मात्र उडते, म्हणून पिशवी ट्रेजवळ धरून हळूच ओतायची. सिलिका जेलचं लिटर वास छान शोषतं, पण खडे टोचरे, म्हणून घेतलं नाही. घरात लहान पिल्लू असेल तर गोळा होणारं लिटर नको, पिल्लं ते खातात. आणि संडासात ओतू नका, पाइप तुंबतो.