कोशेर पाळणाऱ्या पाहुण्यांसाठी घरी जेवण कसे करावे

ज्यू पाहुण्यांना जेवायला बोलावताना बाजारात जाण्याआधी त्यांच्याशी बोलावे. कोशेर म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांना धरून असलेले अन्न, आणि ते पाळण्याची रीत घरागणिक वेगळी असते. कुणी फक्त वर्ज्य पदार्थ टाळतात, तर कुणी परक्या घरच्या भांड्यात शिजलेले काहीच खात नाहीत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो (शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना ‘शनिवार तेली’ म्हणत ते यामुळेच), तेव्हा रविवारची दुपार ठरवावी.

मांस आणि दूधदुभते एकत्र चालत नाही आणि मांस कोशेर पद्धतीने कापलेलेच लागते, म्हणून माझ्या मते माशाचे कालवण, भात आणि सोलकढी हा बेत सर्वांत निर्धोक. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. रावस चालतो, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या (शिंपल्या) आणि मोरी (शार्क) चालत नाहीत. मासा खवल्यांसकट अख्खाच आणावा, कारण खवले डोळ्यांनी पाहिल्याखेरीज काटेकोर पाहुण्यांची खात्री पटत नाही, शिवाय कोळणीच्या विळीवर आधी काय कापले गेले हे आपल्याला सांगता येत नाही. तेलाच्या पाकिटावर कोशेरचे चिन्ह पाहून घ्यावे. हिरवा ठिपका शाकाहाराचा असतो, कोशेरचा नव्हे.

पातेली, सुरी, खवणी, डाव आणि खलबत्ता नवे आणावेत. गरम अन्नाचा अंश भांड्यात मुरतो असे मानले जात असल्यामुळे नेहमीची भांडी नुसती घासून भागत नाही, आणि लसूण-मिरचीसारख्या तिखट पदार्थांबाबत तर अधिकच जपतात. मिक्सर म्हणूनच बाजूला ठेवावा.

चार माणसांना एक किलो रावस पुरतो. कोथिंबिरीच्या पानांत किडा राहिलेला चालत नाही, म्हणून ती मिठाच्या पाण्यात बुडवून, उजेडात पाने वरखाली करून पाहावी व पुन्हा धुवावी. दोन नारळ खवून, कोमट पाण्यात कुस्करून, नव्या पंच्यातून दूध पिळावे आणि निम्मे सोलकढीसाठी ठेवावे. यानंतर पाहुण्यांना गॅस पेटवण्याची आणि पातेले त्यावर ठेवण्याची विनंती करावी. स्वयंपाकात ज्यू व्यक्तीचा हात लागणे पुष्कळ घरांत आवश्यक मानतात, आणि ही विनंती पाहुण्यांना आनंदाचीच वाटते. तेलात ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, हळद व कोथिंबीर परतून नारळाचे दूध, मीठ आणि चार आमसुले घालावीत, मंद आचेवर सतत ढवळावे म्हणजे दूध फुटत नाही, आणि हलकी उकळी येताच तुकड्या सोडून आठ-दहा मिनिटे शिजवाव्यात.

वाढायला कोरी काचेची किंवा पत्रावळीची ताटे घ्यावीत. काही ज्यू परंपरांत माशाबरोबरही दूध घेत नाहीत, म्हणून भातावर तूप वाढू नये, पानात दही ठेवू नये आणि नंतरचा चहा नव्या भांड्यात कोराच करावा.